आवडतं पेन घरातच, आपल्या जागी कसं राहील? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं घर बडोद्याला, दांडिया बाजारात. घरात सात माणसं: सासूसासरे, आम्ही दोघं, धाकटे दीर आणि दोन मुलं. मी जुन्या मोडी कागदांचं देवनागरीत लिप्यंतर करते. रोजचे चार-पाच तास शाईचं पेन हातात असतं, आणि ते जागेवर सापडलं नाही तर सकाळ वाया जाते. कित्येक वर्षं मी घरभर पेन शोधत फिरले आहे. मोडीच्या वर्गातल्या मैत्रिणी, माहेरचे, शेजारचे सगळे या बाबतीत मला तेच तेच विचारतात. त्यांना सांगत आले ते इथे लिहिलं आहे.

पेनं जातात कुठे? घरातले मुद्दाम नेतात का?

मुद्दाम कुणीच नेत नाही. मी एकदा आठवडाभर वहीत टिपून ठेवलं होतं, की माझ्या टेबलावरचं पेन कुणी उचललं, कशासाठी उचललं आणि शेवटी ते कुठे सापडलं. जवळजवळ प्रत्येक वेळी गोष्ट एकच निघाली. कुणीतरी घाईत होतं. फोनवर पलीकडचा माणूस नंबर सांगतोय, दारात गॅसवाला उभा आहे, मुलीच्या डायरीवर सही हवी आहे आणि रिक्षा खाली आली आहे. अशा वेळी हात जवळच्या टेबलाकडे जातो आणि पहिलं दिसेल ते उचलतो. काम झालं की माणूस जिथे उभा असतो तिथेच पेन ठेवतो: फ्रिजवर, देवघरात पंचांगापाशी, स्कूटरच्या डिकीत, नाहीतर शर्टाच्या खिशात.

हे कळल्यावर माझा राग बराच निवळला. पेन नेणाऱ्याला माझं पेन नको असतं, त्याला त्या क्षणी लिहायला काहीतरी हवं असतं. ते काहीतरी त्याला हाताशी मिळालं, तर तो माझ्या टेबलापर्यंत येतच नाही.

मग सुरुवात कुठून करायची?

आवडतं पेन लपवण्यापासून करू नका. आधी घरात लिहायची गरज कुठे कुठे पडते ते बघा आणि त्या प्रत्येक ठिकाणी एक चालू पेन ठेवा. आमच्याकडे अशा सहा जागा निघाल्या: दाराजवळची चपलांची मांडणी, टीव्हीशेजारचं फोन चार्जिंगचं टेबल, स्वयंपाकघर, देवघर, बाबांची, म्हणजे सासऱ्यांची, पेपर वाचायची खुर्ची आणि मुलांचं अभ्यासाचं कपाट. सगळं एकदम जमत नसेल तर दारापासून सुरू करा. आमची निम्मी पेनं दारातूनच जात होती.

पेनाबरोबर कागदही ठेवा. हे मला उशिरा सुचलं. पेन आहे पण कागद नाही म्हटलं की माणूस कागद शोधत पुन्हा माझ्या टेबलाशी येतो, हातात पेन असूनही माझं पेन उचलतो, आणि मग दोन्ही पेनं जागेवरून हलतात. लग्नपत्रिकांच्या आणि जुन्या बिलांच्या कोऱ्या बाजू कापून, एका क्लिपमध्ये लावून ठेवल्या तरी पुरतं.

या जागांसाठी कोणतं पेन घ्यावं?

खटक्याचं साधं बॉलपेन, पाच-दहा रुपयांचं. जेल पेन घेऊ नका, शाईचं तर नकोच.

बॉलपेनात तेलकट, घट्ट शाई असते. हंगेरीच्या लास्लो बिरो यांनी १९३८ मध्ये ज्याचं पेटंट घेतलं ते पेन याच कल्पनेवर उभं होतं: टोकाला फिरणारी बारीक गोळी आणि छापखान्याच्या शाईसारखी, कागदावर चटकन वाळणारी घट्ट शाई. ही शाई पेनाच्या टोकाशी मात्र सहज वाळत नाही. पेन आठ दिवस उघडं पडलं तरी दोनदा गिरवलं की चालू होतं. जेल पेन १९८४ मध्ये जपानच्या साकुरा कंपनीने आणलं. त्याची शाई पाण्याची, ओघवती आणि लिहायला फार छान. पण टोपण उघडं राहिलं तर टोक सुकतं आणि फरशीवर टोकावर पडलं तर बहुतेक वेळा कायमचं जातं. दहा हातांत फिरणाऱ्या पेनाने एवढं नाजूक असून चालत नाही. खटक्याचं घ्यायचं ते टोपण हरवू नये म्हणून.

सगळी एकाच रंगाची आणि एकाच जातीची घ्या. आमच्याकडे घराची सगळी पेनं पिवळ्या दांडीची आहेत. पिवळं म्हणजे सगळ्यांचं, हे धाकटी पाच वर्षांची असतानाच शिकली. रावपुऱ्यातून डझनाचं खोकं आणलं की आम्हाला चार-पाच महिने बघावं लागत नाही.

दोरीने बांधलेलं पेन घरात वाईट दिसत नाही का?

पोस्टात, बँकेत दिसतं तसंच दिसतं, आणि त्यांनी ते का बांधलं हे आपल्याला माहीत आहे. सगळीकडे बांधायची गरज नाही. आम्ही फक्त दाराजवळचं बांधलं आहे. नायलॉनची बारीक दोरी पेनाच्या मधोमध गुंडाळून वरून पारदर्शक टेप लावा. पेनाच्या मागच्या टोकाला बांधलीत तर खटका दाबता येत नाही आणि रिफिल बदलताना सगळं सोडवावं लागतं. दोरी एवढी लांब हवी की बाहेर उभ्या माणसाला उंबरठ्यापलीकडे सही करता येईल. आखूड पडली तर दुसऱ्याच दिवशी कुणीतरी ती कापतं.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहिताना बॉलपेन मध्येच बंद पडतं. खराब आहे का?

पेन ठीक आहे. बॉलपेनात शाई वरून खाली, स्वतःच्या वजनाने गोळीपर्यंत उतरते. भिंतीवर लिहिताना पेन आडवं किंवा टोक वर करून धरलं जातं, शाई मागे राहते आणि गोळी कोरडी फिरते. मग माणूस ते पेन टाकतो आणि चांगलं पेन आणायला तुमच्या टेबलाकडे येतो. कॅलेंडरच्या खिळ्याला पेन्सिल बांधा. पेन्सिल कशीही धरा, लिहिते. आणि दूध कमी घेतलं त्या दिवशी खोडताही येतं.

आवडतं पेन कुठे ठेवू? कुलपात?

कुलपात ठेवून मी पाहिलं आहे. किल्ली कुठे ठेवली हे शोधण्यात जेवढा वेळ जायचा, तेवढा आधी पेन शोधण्यातही जात नव्हता. शिवाय घरात कुलूप लागलं की ते सगळ्यांना दिसतं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण दोन दिवस त्यांनी माझ्या खोलीत पाऊल टाकलं नाही. मला ते फार लागलं. तिसऱ्या दिवशी कुलूप काढलं.

आता माझी तीन पेनं कापडी पाऊचमध्ये असतात आणि पाऊच टेबलाच्या दुसऱ्या खणात. पहिल्या खणात घराची दोन पिवळी पेनं समोरच ठेवलेली असतात. घाईत आलेला हात पहिला खण उघडतो, त्याला पेन मिळतं आणि तो परत जातो. दोन खण उघडून, पाऊचची चेन ओढून पेन काढण्याइतका वेळ घाईतल्या माणसाला नसतो. कामाच्या मध्ये उठावं लागलं तर पेन टेबलावर सोडू नका. कुकरची शिट्टी बंद करायला जातानाही मी पाऊचमध्ये टाकून जाते. आधी कंटाळा यायचा, आता हात आपोआप करतो.

दुसऱ्याने लिहिल्याने शाईचं पेन खरंच बिघडतं, की नुसता समज आहे?

यात समजही आहे आणि खरंही आहे, त्यामुळे नीट सांगते. घरात याच मुद्द्यावर सगळ्यात जास्त वाद होतात. "एक सही केली तर काय झिजतं?" असं विचारणाऱ्याला उत्तर द्यायचं तर आपल्यालाही कारण माहीत हवं.

निबच्या टोकाला कठीण मिश्रधातूचा बारीकसा मणी बसवलेला असतो. आपण सगळे त्याला इरिडियम म्हणतो, पण हल्ली त्यात बहुधा रुथेनियमसारखे दुसरे कठीण धातू असतात. हा मणी फार सावकाश झिजतो. वर्षानुवर्षं लिहिल्यावर तो लिहिणाऱ्याच्या हाताच्या कोनाप्रमाणे किंचित घासला जातो आणि म्हणून आपलं पेन आपल्याला गुळगुळीत वाटतं, हे खरं. एका सहीने तो घासत नाही. तेव्हा दुसऱ्याच्या हातून पेनाचं "वळण" जातं, हा समज सोडून द्यायला हरकत नाही.

खरा धोका दाबाचा आहे. बॉलपेनाला दाबावं लागतं, कारण गोळी फिरली तरच शाई येते. शाईच्या पेनाला दाब लागतच नाही. निबच्या मधल्या चिरेतून शाई केशाकर्षणाने टोकापर्यंत येते आणि कागदाला टेकलं की उतरते. आता बॉलपेनाची सवय झालेला हात शाईचं पेन धरतो तेव्हा तो बॉलपेनासारखाच दाबतो. निबच्या दोन पाकळ्या फाकतात. थोडा दाब असेल तर सोडल्यावर जवळ येतात. मर्यादेबाहेर दाबलं की धातू वाकतो आणि पाकळ्या फाकलेल्याच राहतात. मग शाई एकतर सांडते, नाहीतर टोकापर्यंत पोचतच नाही, कारण चीर रुंद झाली की ती शाईला ओढून धरू शकत नाही. पावतीच्या तीन प्रती कार्बन घालून लिहायला कुणी शाईचं पेन नेलं तर हेच होतं. माझ्या एका निबचं तसंच झालं.

दुसरा धोका पडण्याचा. टोपण न लावता टेबलावर ठेवलेलं पेन घरंगळतं आणि निब जड बाजूला असल्याने बहुधा टोकावरच पडतं. तिसरा धोका शाईचा. कुणीतरी मदत म्हणून शाई भरून ठेवतं, आणि ती चित्रकलेची वॉटरप्रूफ शाई असते. ती आत वाळली की निबखालची जीभ आणि बारीक नळ्या बंद होतात आणि साध्या पाण्याने सुटत नाहीत.

माझ्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. मोडीत आधी ओळभर रेघ ओढतात आणि मग अक्षरं शक्यतो हात न उचलता एकमेकांत गुंफत जातात. पूर्वी हे बोरूने व्हायचं, ज्याचं टोक तिरकं कापलेलं असे. तसं जाड-बारीक वळण यावं म्हणून माझ्या एका पेनाची निब तिरकी घासून घेतली आहे. ते एका ठरावीक कोनातच लिहितं. दुसऱ्याच्या हातात ते खरखरतं, मग तो जोर लावतो. अशी निब असेल तर घरात सगळ्यांना एकदा बसवून दाखवा. मी दाखवलं. धाकट्या दिरांनी स्वतः लिहून पाहिलं, दोन शब्दांत थांबले आणि म्हणाले, "वहिनी, हे तुमचंच राहू दे."

सासऱ्यांनी पेन नेलं तर त्यांना कसं सांगायचं?

मला हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, आणि विचारताना आवाज हळू होतो.

आमचे बाबा रेल्वेत होते. सगळी नोकरी शर्टाच्या खिशाला पेन लावून केली. अंगात शर्ट चढला की हात पेन शोधतो, आणि पेन नसेल तर त्यांना बाहेर निघावंसं वाटत नाही. निवृत्त झाल्यावर सरकारी पेन गेलं आणि माझं त्यांच्या खिशाला लागू लागलं. मी बरेच महिने गप्प बसले. संध्याकाळी त्यांचा शर्ट धुवायला घेताना हळूच काढून घ्यायची. ते चुकीचं होतं, कारण त्यांना वाटायचं पेन आपल्याकडूनच कुठे पडलं, आणि ते मनातून खजील व्हायचे. हे सासूबाईंनी मला सांगितलं तेव्हा कळलं.

मग एका सकाळी चहा देताना मी सरळ बोलले.

"बाबा, हे पेन मी मोडीच्या कामाला वापरते. त्याची निब नाजूक आहे, जोर सोसत नाही. तुमच्यासाठी वेगळं आणलंय, खिशाला लावायला."

"अगं, मी शब्दकोड्यापुरतंच घेतलं होतं."

"हो ना. म्हणून खुर्चीपाशी कोड्यासाठी एक पिवळं ठेवते, आणि हे खिशातलं."

खिशासाठी आणलेलं पेन चांगलं होतं, धातूच्या क्लिपचं. ते स्वस्तातलं असतं तर त्याचा अर्थ वेगळा झाला असता. आपलं पेन परत हवं असेल तर समोरच्याला द्यायचं पेन त्याच्या मानाला साजेसं असू द्या, आणि जे सांगायचं ते पेन हरवल्याच्या दिवशी सांगू नका. चांगल्या दिवशी सांगा. तुम्ही सून असाल आणि थेट बोलणं अवघड जात असेल तर नवऱ्याला पुढे करण्याचा मोह होतो. तो टाळावा असं मला वाटतं. मध्ये तिसरं माणूस आलं की साध्या पेनाची तक्रार होते.

मुलांचं काय? ती तर दप्तरात घालून शाळेत नेतात.

मुलांना आपलं पेन हवंसं वाटतं कारण आपण ते जपतो. त्यांना तसंच जपायला स्वतःचं काहीतरी द्या. थोरला चौथीत पेन्सिलवरून पेनावर आला तेव्हा त्याला साधं शाईचं पेन घेऊन दिलं. त्याने स्वतः भरायचं, दर पंधरवड्याला धुवायचं. पहिल्या महिन्यात बोटं, वही, चादर सगळं निळं झालं. पण त्यानंतर त्याने माझ्या पाऊचला हात लावला नाही, कारण आता त्याला माहीत होतं की पेन वाकलं की काय वाटतं.

अगदी लहान मूल घरात असेल तर पेनाची टोपणं त्याच्या हाती लागू देऊ नका. बॉलपेनाच्या टोपणाला वर भोक असतं ते याच भीतीपोटी: टोपण घशात अडकलं तरी हवेला थोडी वाट राहावी म्हणून. भोक आहे म्हणजे धोका नाही असं मात्र नाही.

कुरिअरवाला सहीसाठी पेन मागतो आणि घेऊन जातो. काय करावं?

"बेन, पेन आपजो ने" म्हटलं की आपण हातातलं देऊन टाकतो. त्यालाही दिवसभरात पन्नास दारं करायची असतात, पेन खिशात जातं ते सवयीने. बांधलेलं पेन नसेल तर टोपणाचं पेन द्या आणि टोपण आपल्या हातात धरून उभ्या राहा. उघडं पेन कुणी खिशात घालत नाही. घातलं तरी आपल्या हातातलं टोपण बघून आपल्याला आठवतं. ही माझ्या आईची युक्ती. बँकेत, शाळेच्या पालकसभेत, लग्नाच्या आहेराच्या यादीशी, सगळीकडे ती असंच करायची.

पेनावर नाव घातलं तर उपयोग होतो का?

जाणं थांबत नाही, परत येणं वाढतं. कोरून घेतलेलं नाव सुंदर दिसतं, पण घरच्यांना ते पेन कुणाचं हे आधीच माहीत असतं. नावाचा उपयोग घराबाहेर, वर्गात, कार्यालयात. घरासाठी क्लिपखाली रंगीत दोरा गुंडाळा. माझा लाल आहे. सासूबाईंना चष्म्याशिवाय अक्षरं दिसत नाहीत, लाल दोरा दिसतो.

कुणी रीतसर मागितलं तर द्यावं का?

द्यावं. मागून नेलेल्या पेनाबद्दल आमच्याकडे कधी भांडण झालं नाही. फक्त नोंद हवी.

हे आम्ही बडोद्याची माणसं आहोत म्हणून सुचलं असेल. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून ग्रंथालयांचं काम हाती घेतलं. पुस्तकांच्या पेट्या खेड्यापाड्यांत फिरत. अनोळखी माणसाच्या हाती पुस्तक द्यायचं आणि ते परत यायचं, हे चालतं ते नोंदीमुळे: कुणी नेलं, कधी नेलं. लहानपणी आईबरोबर इथल्या ग्रंथालयात जायची तेव्हा तारखेचा शिक्का पडताना बघायला मला फार आवडायचं.

टेबलाशेजारी मी मुलांची जुनी पाटी टांगली आहे. पेन हवं असेल त्याने पाटीवर नाव लिहायचं, परत केलं की पुसायचं. दंड नाही, ओरडा नाही. पाटीवर स्वतःचं नाव दिवसभर दिसत राहिलं की माणूस आपणहून पेन आणून देतो. नवऱ्याचं नाव एकदा चार दिवस राहिलं होतं. मुलीनेच बाबाच्या बॅगेतून शोधून आणलं.

मुलाने बोर्डाच्या परीक्षेला माझं पेन मागितलं आहे. देऊ?

परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा वापरायला देऊ नका. महिनाभर आधी द्या, त्याला तीन तास सलग लिहून बघू द्या. मार्चमध्ये बडोद्याला ऊन चढलेलं असतं, तळहाताला घाम येतो, आणि पाण्याची शाई ओल्या हाताखाली फिस्कटते. जमलं तर खुशाल द्या, बरोबर दोन बॉलपेनं द्या, आणि निकालापर्यंत परत मागू नका.

परत आलेलं शाईचं पेन लिहीतच नाही.

बहुधा टोपण उघडं राहून शाई वाळली आहे. निबचा भाग साध्या पाण्यात रात्रभर उभा ठेवा, सकाळी पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा, फडक्यावर टेकवून वाळवा. गरम पाणी नको. एबोनाइटच्या, म्हणजे कडक रबराच्या, पेनाचा रंग त्याने उडतो. स्पिरिट, नेलपॉलिश काढायचं पाणी अजिबात नको, प्लास्टिक खराब होतं. पाकळ्या फाकल्या असतील तर स्वतः चिमट्याने दाबू नका, जाणत्याकडे द्या किंवा निब बदला.

ड्रॉपरने शाई भरायचं पेन असेल आणि टपटप शाई पडत असेल, तर ते बिघडलेलं नसेलही. शाई कमी उरली की आत हवा जास्त होते. हाताच्या, खिशाच्या उबेने ती फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. मे महिन्यात हे हमखास होतं. पूर्ण भरून ठेवा आणि खिशात निब वर करूनच लावा.

खिशात शाई सांडली, शर्ट जाईल का?

धुवायच्या आधी खिसे बघायचे, हा आमच्याकडे नियम आहे. तरी सांडलीच तर आधी शाई कोणती ते ओळखा. पेनात भरायची निळी शाई असेल तर लगेच गार पाण्याच्या धारेखाली धरा, मग साबण. बॉलपेनची असेल तर पाण्याने पसरते. डागाखाली जुनं फडकं ठेवून वरून स्पिरिट किंवा सॅनिटायझर टिपा, फडकं बदलत राहा. डाग पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री करू नका, तो पक्का होतो.

पाहुण्यांना कसं आवरायचं?

आवरू नका. दिवाळीत माणसं आली की पाऊच कपाटात, पिवळी पेनं बाहेर.

वर्षातून एकदा करायचं असं काही आहे का?

आहे, आणि ते मला सगळ्यांत आवडतं. दसऱ्याला आम्ही पाटीवर एकाचे आकडे जोडून सरस्वती काढतो आणि पुढे वह्यापुस्तकं मांडतो. त्या दिवशी घरातलं प्रत्येक पेन पूजेला आलंच पाहिजे असा नियम आम्ही केला. आदल्या संध्याकाळी मुलं शोधायला निघतात. सोफ्याच्या फटीतून, स्कूटरच्या डिकीतून, मिक्सरच्या मागून, बाबांच्या जुन्या कोटातून पेनं निघतात. पूजा झाल्यावर सगळे मिळून ती चालवून बघतो, संपलेल्या रिफिली काढतो, उरलेली सहा जागी परत जातात. शेजारच्या गुजराती काकी दिवाळीला चोपडापूजन करतात, नव्या वहीवर कुंकवाने "शुभ लाभ" लिहितात. त्यांनी आमचं बघून तेव्हा पेनं गोळा करायला सुरुवात केली आहे.

सगळं करूनही पेन कायमचं हरवलं तर?

दोन दिवस नीट शोधा: ज्याने शेवटचं वापरलं त्याने त्या दिवशी घातलेले कपडे, बॅग, गाडी, मग फोनची जागा, मग अंथरूण. घरात विचारताना "कुणी नेलं?" असं विचारू नका, "शेवटचं कुठे दिसलं होतं?" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला सगळे "मी नाही" म्हणतात. दुसऱ्याला कुणीतरी आठवून सांगतं.

टोपणाची युक्ती माझ्याबाबतीत एकदा फसली आहे. आईचं पेन होतं, काळ्या एबोनाइटचं, ड्रॉपरने शाई भरायचं. ती शाळेत शिकवायची आणि त्याच पेनाने तिने प्रगतिपुस्तकांवर वर्षानुवर्षं सह्या केल्या. ती गेल्यावर ते माझ्याकडे आलं. एका लग्नात कुणीतरी आहेराची नोंद करायला मागितलं. मी पेन दिलं, टोपण हातात धरून उभी राहिले, आणि तेवढ्यात मला आत बोलावलं. परत आले तेव्हा टेबल उठलेलं होतं. हॉलवर दुसऱ्या दिवशी जाऊन आले, सगळ्या नातेवाइकांना फोन केले. मिळालं नाही.

टोपण माझ्या पाऊचमध्ये आहे. त्याच्या आतल्या आट्यांमध्ये अजून थोडी वाळलेली निळी शाई आहे, ती मी धुतलेली नाही.

कुणाला तसं काळं पेन, टोपणाशिवाय, सापडलं तर?

दांडिया बाजारात कुणालाही मोडीवाल्या काकू कुठे राहतात ते विचारा.